शेवटच्या युनिटाचा भाव : वाशिम जिल्ह्यातील घरांसाठी उष्णता आणि गारव्याच्या खर्चाची तुलना

वाशिम जिल्ह्यातील कुटुंबाला आंघोळीचे पाणी तापवण्यासाठी, स्वयंपाकासाठी आणि उन्हाळ्यात घर गार ठेवण्यासाठी जी इंधने मिळतात, त्यांची मापे एकमेकांशी जुळत नाहीत; सरपण क्विंटलवर घेतले जाते, गॅस सिलिंडरवर, वीज युनिटवर, आणि तुराट्या, पऱ्हाट्या किंवा गोवऱ्या तर बहुधा विकतच घेतल्या जात नाहीत. त्यामुळे गॅस महागला, विजेचे बिल परवडत नाही किंवा चूल फुकटात पेटते, ही विधाने रोज कानावर पडत असली तरी ती तपासून पाहण्याची सोय सामान्य घरात नसते. ही तुलना करायची झाल्यास तीन गोष्टी क्रमाने पाहाव्या लागतात : इंधनात मुळात उष्णता किती आहे, तिच्यापैकी भांड्यातल्या पाण्यापर्यंत किती पोहोचते, आणि त्या पोहोचलेल्या उष्णतेसाठी प्रत्यक्षात किती पैसे मोजावे लागतात. पहिल्या दोन गोष्टी पाठ्यपुस्तकांत सापडतात. तिसऱ्या गोष्टीकडे मात्र दुर्लक्ष होते, कारण महावितरणच्या घरगुती ग्राहकासाठी विजेला एकच एक भाव नसतो. वापर वाढतो तसा पुढच्या युनिटचा भाव चढत जातो, आणि ज्या उपकरणाचा हिशेब करायचा ते उपकरण नेमके त्या चढलेल्या भावाची युनिटे वापरत असते.

मोजमापासाठी वीजबिलावरचे युनिट सर्वांत सोयीचे आहे. एक युनिट म्हणजे एक किलोवॉटचे उपकरण एक तास चालवल्यावर खर्च होणारी ऊर्जा. उष्णतेच्या भाषेत ती ८६० किलोकॅलरी भरते, आणि एक लिटर पाणी एक अंश सेल्सिअसने तापवायला एक किलोकॅलरी लागते. हे दोन आकडे लक्षात ठेवले की उरलेले गणित शाळेतल्या त्रैराशिकाचे आहे. पाच माणसांच्या घरात हिवाळ्यात १८ लिटरच्या पाच बादल्या, म्हणजे ९० लिटर पाणी २० अंशांवरून ४२ अंशांपर्यंत न्यायचे असेल, तर १,९८० किलोकॅलरी, म्हणजे सुमारे २.३ युनिट उष्णता रोज लागते. महिन्याला ती ७० युनिटच्या आसपास जाते. पुढील विवेचनात हेच कुटुंब आणि हीच गरज गृहीत धरली आहे.

इंधनातली उष्णता आणि हाती लागणारी उष्णता

घरगुती सिलिंडरमध्ये १४.२ किलो द्रवरूप पेट्रोलियम वायू असतो, आणि प्रत्येक किलोतून सुमारे १०,९०० किलोकॅलरी, म्हणजे १२.७ युनिटच्या आसपास उष्णता मिळते. पूर्ण सिलिंडरमध्ये अशी सुमारे १८० युनिटे साठलेली असतात. नीट वाळलेल्या लाकडाच्या एका किलोत सुमारे ४.४ युनिट उष्णता असते, आणि पऱ्हाट्या-तुराट्या, म्हणजे कपाशीची व तुरीची वाळलेली झाडे, या बाबतीत लाकडाहून फारशा मागे नाहीत. गोवरीत माती आणि राख जास्त असल्याने ती ३ ते ३.५ युनिटपर्यंतच जाते. गोबरगॅसच्या एका घनमीटरमध्ये साधारण ५.५ युनिट, म्हणजे पाऊण लिटर रॉकेलपेक्षा कमीच, पण साडेचारशे ग्रॅमच्या आसपास सिलिंडरच्या गॅसइतकी उष्णता भरते.

या साठ्यातून पाण्यापर्यंत पोहोचणाऱ्या वाट्याला कार्यक्षमता म्हणतात. भारतीय मानकाप्रमाणे घरगुती गॅसच्या शेगडीची कार्यक्षमता किमान ६८ टक्के असावी लागते. मात्र हा आकडा चाचणीतल्या झाकलेल्या भांड्याचा आहे, आणि उघड्या पातेल्याखाली ज्योत कडेने बाहेर पडत असेल तर ६० टक्क्यांवर समाधान मानावे लागते. गॅस गिझरमध्ये नळीभोवती ज्योत खेळत असल्याने सुमारे ८० टक्के उष्णता कामी येते. पाण्यात बुडवायचा विजेचा रॉड जवळजवळ सगळीच उष्णता पाण्याला देतो, म्हणून ९५ टक्के धरायला हरकत नाही. इंडक्शन शेगडी ८५ टक्क्यांच्या आसपास असते. तीन दगडांची किंवा मातीची साधी चूल १० ते १५ टक्क्यांच्या पुढे क्वचितच जाते, कारण बहुतेक उष्णता धुराबरोबर आणि भांड्याच्या बाजूने निघून जाते. तांब्या-पितळेचा बंब याला सन्माननीय अपवाद आहे : त्याच्या मधोमध धुराची नळी असते आणि पाणी तिच्याभोवती असते, त्यामुळे निसटू पाहणारी उष्णता पाण्यातूनच वर जाते. बंबासाठी येथे ३० टक्के धरले आहेत; भट्टीचे तोंड आणि सरपणाचा ओलावा यांवर तो आकडा खालीवर होईल. ज्या घरांनी गिझर आल्यावर बंब भंगारात घातले, त्यांनी एक चांगले उपकरण गमावले, असे म्हणावे लागते.

विजेचा रॉड इतका कार्यक्षम असूनही त्याची उष्णता स्वस्त का नसते, या प्रश्नाचे उत्तर शेजारच्या अकोला जिल्ह्यात पारसच्या औष्णिक वीजकेंद्राकडे पाहिल्यास मिळते. कोळशाच्या उष्णतेपैकी ढोबळमानाने तिसऱ्या हिश्शाचीच वीज होते, उरलेली उष्णता शीतकरण मनोऱ्यांतून आणि धुराड्यातून हवेत जाते, तारांमधून येताना आणखी काही गळते, आणि घरी पोहोचलेल्या त्या मौल्यवान विजेची रॉड पुन्हा साधी उष्णता करतो. कोळशापासून वीज आणि विजेपासून ऊन पाणी, हा प्रवास तत्त्वतः उधळपट्टीचा आहे. तरीही तो काही घरांना परवडतो, आणि तो का परवडतो हे दरपत्रकातून कळते.

टप्प्यांचा खेळ

घरगुती विजेचे दर महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग ठरवतो आणि ते ० ते १००, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० व ५०० च्या पुढे अशा टप्प्यांत असतात. २०२४-२५ च्या दरपत्रकात पहिल्या टप्प्याचा ऊर्जा आकार युनिटमागे ४ रुपये ७१ पैसे, तर दुसऱ्या टप्प्याचा १० रुपये २९ पैसे होता. दोन्हींवर १ रुपया १७ पैसे वहन आकार, आणि त्या सगळ्यावर १६ टक्के वीज शुल्क. म्हणजे इंधन समायोजन आकार बाजूला ठेवला तरी पहिल्या शंभरांतले युनिट सुमारे ६ रुपये ८० पैशांना आणि एकशे एकावे युनिट सुमारे १३ रुपये ३० पैशांना पडत होते. आयोगाच्या नव्या आदेशांनुसार हे आकडे बदलत राहतात, त्यामुळे वाचकाने स्वतःच्या ताज्या बिलाच्या मागील बाजूचे दर घेऊन पुढचे गणित पुन्हा करावे. टप्प्यांमधली ही मोठी पायरी असेपर्यंत गणिताची रीत तीच राहते.

बिलाच्या एकूण रकमेला एकूण युनिटांनी भागून जो सरासरी दर निघतो, तो नवे उपकरण घेताना दिशाभूल करतो. रॉड किंवा कुलर घरात येतो तेव्हा दिवे, पंखे, टीव्ही आणि फ्रिज आधीच चालू असतात. नवे उपकरण त्यांच्या वर बसते आणि सर्वांत वरच्या, म्हणजे सर्वांत महाग टप्प्यातली युनिटे वापरते. म्हणून विचारायचा प्रश्न असा, की या महिन्यात घरातले शेवटचे युनिट कोणत्या टप्प्यात पडते.

उदाहरणातल्या कुटुंबाला लावून पाहू. रॉडने महिन्याची ७० युनिट उष्णता मिळवायला सुमारे ७४ युनिट वीज लागेल. ही सगळी वीज पहिल्या टप्प्यात बसली तर खर्च ५०० रुपये, सगळी दुसऱ्यात गेली तर ९८० रुपये. जानेवारीत पंखे बंद असल्याने घराचा इतर वापर ६० युनिटच असेल, तर रॉडची पहिली ४० युनिटे स्वस्तात आणि उरलेली ३४ महागात पडतील आणि खर्च ७२५ रुपयांच्या जवळ जाईल. सिलिंडरची किंमत ९०० रुपये धरली, तर गॅसमधली उष्णता युनिटमागे ५ रुपयांना पडते. गॅस गिझरच्या ८० टक्क्यांनी भागल्यास महिन्याचा खर्च सुमारे ४४० रुपये, आणि शेगडीवर उघड्या पातेल्यात ६० टक्क्यांनी तापवल्यास ५८५ रुपये. सरपण किलोला ८ रुपये भावाने विकत घ्यावे लागत असेल, तर बंबाला महिन्याला ५३ किलो, म्हणजे ४२५ रुपयांचे लाकूड लागते. तेच पाणी १२ टक्क्यांच्या चुलीवर तापवल्यास १३० किलोच्या वर लाकूड जाते आणि खर्च हजार रुपयांच्या पुढे जातो. विकतच्या लाकडावर चालणारी साधी चूल ही गरिबाची सोय समजली जाते. हिशेबात ती या सर्व साधनांमध्ये सर्वांत महाग ठरते.

एकट्या माणसाच्या किंवा वृद्ध दांपत्याच्या घरात, जिथे महिन्याचा एकूण वापर शंभराच्या आत राहतो, तिथे रॉड आणि गॅस यांच्यात फारसा फरक उरत नाही, आणि रोज एकदोन बादल्यांसाठी गिझर बसवण्याचा भांडवली खर्च निघत नाही. मोठ्या घरात मात्र गॅस गिझर विजेपेक्षा स्वस्त पडतो. त्याबरोबर एक कडक अट येते. गॅस जळताना न्हाणीघरातला प्राणवायू कमी होतो आणि अपुऱ्या ज्वलनातून कार्बन मोनॉक्साइड हा रंग-गंध नसलेला विषारी वायू तयार होतो. बंद दाराआड तो काही मिनिटांत बेशुद्ध करतो. गॅस गिझर न्हाणीघराच्या बाहेर, मोकळ्या हवेत बसवावा आणि फक्त गरम पाण्याचा पाइप आत आणावा. ते शक्य नसेल तर तो घेऊच नये. थंडीत बंद खोलीत निखाऱ्यांची शेगडी ठेवून झोपण्याचा धोकाही याच वायूचा आहे.

ज्या कुटुंबांना प्रधानमंत्री उज्ज्वला योजनेतून (ती १ मे २०१६ रोजी सुरू झाली) जोडणी आणि सिलिंडरवर अनुदान मिळते, किंवा राज्याच्या २०२४ च्या मुख्यमंत्री अन्नपूर्णा योजनेखाली वर्षाला तीन सिलिंडर मोफत मिळतात, त्यांचे गणित निराळे आहे. अनुदान ३०० रुपये धरले तर वरच्या उदाहरणातली गॅसची उष्णता तिसऱ्या हिश्शाने स्वस्त होते. पण सवलतीच्या सिलिंडरांची संख्या मर्यादित असते, आणि आंघोळीच्या पाण्याला गॅस लावल्यास महिन्याला अर्धा सिलिंडर त्यातच संपतो. अशा घरात गॅस स्वयंपाकासाठी राखावा, कारण धुराचा त्रास तिथे सर्वाधिक असतो आणि ज्योत लगेच कमीजास्त करण्याची गरजही तिथेच असते. पाण्यासाठी अंगणातला बंब पुरतो.

फुकट इंधनाची किंमत

वाशिम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा आणि मानोरा या सहाही तालुक्यांत खरिपाची भिस्त सोयाबीन आणि तुरीवर आहे, कपाशीही घेतली जाते, त्यामुळे शेतकरी कुटुंबाकडे जळण आपोआप साठते. मळणीनंतरचे सोयाबीनचे कुटार चुलीत भसकन पेटून विझते, म्हणून ते घरगुती इंधन म्हणून कुचकामी आहे. दाबून केलेल्या कांड्यांच्या रूपात, ज्यांना बाजारात पांढरा कोळसा म्हणतात, ते कारखान्यांच्या बाष्पकांसाठी उपयोगी पडते. तुराटी मात्र उत्तम जळण आहे : बारीक, लवकर वाळणारी, आणि बंबाच्या भट्टीत सहज बसणारी. तुरीची सोंगणी आणि मळणी उरकल्यावर भाऱ्या बांधून त्या पावसापासून झाकून ठेवल्या तर पुढचा हिवाळा त्यांच्यावर निघू शकतो. ओले जळण वापरणे म्हणजे पैसे धुरात घालवणे होय, कारण लाकडातले पाणी वाफ होऊन उडाल्याशिवाय उष्णता भांड्याकडे वळत नाही, आणि किलोभर पाणी उडवायला सहाशे किलोकॅलरीच्या आसपास खर्ची पडतात.

पऱ्हाट्यांबाबत सावधगिरी हवी. २०१७ च्या हंगामात विदर्भातल्या कपाशीचे गुलाबी बोंडअळीने मोठे नुकसान केले, आणि त्यानंतर कृषी विभाग व विद्यापीठे सातत्याने सांगत आली आहेत की वेचणी संपल्यावर फरदड, म्हणजे त्याच झाडांवर पुन्हा पीक, घेऊ नये आणि पऱ्हाट्यांचे ढीग बांधावर किंवा घराजवळ साठवू नयेत. वाळलेल्या कीडग्रस्त बोंडांमध्ये अळी सुप्तावस्थेत राहते आणि पुढच्या पेरणीनंतर पतंग होऊन बाहेर पडते. सरपणात वाचवलेले दोन-चारशे रुपये शेजाऱ्याच्याही कपाशीवर असे उतरत असतील, तर त्या जळणाला फुकट म्हणता येणार नाही. पऱ्हाट्या जाळायच्याच असतील तर बोंडे झोडपून काढून नष्ट करावीत आणि साठा पावसाळ्यापूर्वी संपवावा. यंत्राने त्यांचा भुगा करून शेतात गाडणे हा अधिक बरा मार्ग आहे.

गोवऱ्यांची किंमत शेतातच चुकवली जाते. शेण जाळल्यावर त्यातले नत्र आणि सेंद्रिय द्रव्य जाते, आणि ज्या जमिनीला ते मिळायला हवे होते तिच्यासाठी पुढे खताच्या गोण्या विकत आणाव्या लागतात. गोबरगॅस हा या तिढ्यातून निघण्याचा जुना मार्ग आहे, कारण गॅस वापरून झाल्यावरही स्लरीच्या रूपात खत हाती राहते. एका घनमीटर गॅससाठी रोज सुमारे २५ किलो ताजे शेण आणि तितकेच पाणी लागते. दोन घनमीटरचे संयंत्र चार-पाच जनावरांवर चालते आणि महिन्याला पावणेदोन ते दोन सिलिंडरांइतका गॅस देऊ शकते, जो कुटुंबाच्या स्वयंपाकाला पुरून उरतो. पण थंडीत किण्वन मंदावते आणि गॅस घटतो, उन्हाळ्यात पाण्याची टंचाई आली की संयंत्राला पाणी कोण घालणार हा प्रश्न उभा राहतो, आणि बैलजोडीची जागा ट्रॅक्टरने घेतली त्या घरात शेणच उरलेले नसते. गावोगावी कोरडी पडलेली संयंत्रे दिसतात, त्यांमागे बहुधा यांपैकीच एखादे कारण असते. जनावरे आणि पाणी दोन्ही बारमाही असतील त्याच घराने हा खर्च करावा.

आणि सरपण गोळा करण्याचे, फोडण्याचे, चुलीपुढे बसून धूर सोसण्याचे काम घरातल्या ज्या व्यक्तीकडे असते, तिच्या वेळेला हिशेबाच्या वहीत रकाना नसतो. तो घातला की निकाल बदलतो.

सौर बंबाबद्दल विक्रेते जितक्या उत्साहाने बोलतात तितका उत्साह वाशिमच्या हवामानात थोडा आवरावा लागतो. शंभर लिटरचे संयंत्र निरभ्र दिवशी पाणी ३० अंशांनी तापवते असे धरले तर रोज साडेतीन युनिट उष्णता मिळते आणि हिवाळ्यातले आकाश इथे बहुतेक निरभ्रच असते. अडचण अशी की ऊन पाण्याची खरी गरज नोव्हेंबर ते फेब्रुवारी एवढीच असते. मार्च ते जूनपर्यंत छतावरच्या टाकीतले पाणीच अंगाला चटका देते, आणि पावसाळ्यात हवे तेव्हा ऊन नसते. संयंत्राची किंमत २०,००० रुपये धरली आणि वर्षाला चार-पाच हजार रुपये वाचले, तर भांडवल निघायला चार-पाच वर्षे लागतात; ज्या घराचा वापर पहिल्या टप्प्यातच राहतो, तिथे त्याहून जास्त. बोअरचे पाणी जड असेल, म्हणजे भांड्याच्या तळाशी पांढरा थर धरत असेल, तर तांब्याच्या बारीक नळ्यांच्या सपाट संग्राहकापेक्षा काचेच्या निर्वात नळ्यांचे संयंत्र घ्यावे. वसतिगृहे, दवाखाने आणि लॉज यांना बारमाही ऊन पाणी लागत असल्याने त्यांच्यासाठी सौर बंब निःसंशय फायद्याचा आहे.

गारवा : पाण्याने की विजेने

उन्हाळ्यात तुलनेचा पाया बदलतो, कारण गारवा निर्माण करता येत नाही. उष्णता फक्त एका ठिकाणाहून उचलून दुसरीकडे टाकता येते. वातानुकूलन यंत्र, म्हणजे एसी, हे काम विजेच्या जोरावर करते आणि एक युनिट वीज खाऊन तीन ते पाच युनिट उष्णता खोलीबाहेर नेते. कुलर तेच काम पाण्याकडून करून घेतो. एक लिटर पाण्याची वाफ होताना सुमारे ५८० किलोकॅलरी, म्हणजे ०.६७ युनिट उष्णता हवेतून शोषली जाते. दिवसाला ७० लिटर पाणी पिणारा कुलर त्यामुळे ४७ युनिटच्या आसपास गारवा देतो, आणि पंखा व पंप मिळून २०० वॉट धरले तर दहा तासांत त्याला दोनच युनिट वीज लागते.

पण हे सगळे हवा कोरडी असेपर्यंत. मे महिन्याच्या दुपारी तापमान ४३ अंश आणि आर्द्रता २० टक्के असेल, तर ओल्या कापडात गुंडाळलेला तापमापक सुमारे २५ अंश दाखवतो. कुलर हवेला त्या मर्यादेपर्यंत नेण्याचा प्रयत्न करतो आणि चांगल्या ताट्या असतील तर तीन चतुर्थांश अंतर कापतो, म्हणजे २९-३० अंशांची हवा देतो. जुलैत ३२ अंश आणि ७५ टक्के आर्द्रता असताना ओला तापमापकच २८ अंशांवर असतो, तेव्हा कुलर दोन-तीन अंशांचा फरक करतो आणि अंग चिकट करतो. त्या दिवसांत पंप बंद करून त्याचा नुसता पंखा वापरावा. कोरड्या दिवसांतही अनेक घरे एक चूक करतात, ती म्हणजे कुलर लावून दारे-खिडक्या घट्ट बंद करणे. कुलरने आत आणलेल्या हवेला बाहेर पडायला समोरच्या बाजूने वाट हवी. ती नसेल तर खोलीतली आर्द्रता वाढत जाते आणि तासाभरात तो निकामी वाटू लागतो.

खर्च पाहू. उन्हाळ्यात पंखे आणि फ्रिज मिळून घराचा वापर ९० युनिट असेल, तर कुलरची महिन्याची ६० युनिटे त्यावर चढतात : १० पहिल्या टप्प्यात, ५० दुसऱ्यात, आणि खर्च ७३० रुपयांच्या आसपास. दीड टनाचा चांगला एसी रोज आठ तास चालून पाच युनिट खात असेल, तर महिन्याची १५० युनिटे जवळजवळ सगळीच दुसऱ्या टप्प्यात पडून १,९३० रुपये होतात. दोन खोल्यांत एसी लागले की वापर तीनशेच्या पुढे जातो आणि तिसरा टप्पा सुरू होतो. (टन हे वजन येथे बर्फाचे आहे : एक टन क्षमता म्हणजे एक टन बर्फ चोवीस तासांत वितळताना जितकी उष्णता शोषेल तितकी, अर्थात सुमारे साडेतीन किलोवॉट.) कुलरच्या बाजूला मात्र पाण्याची ओळ लिहायलाच हवी. महिन्याला दोन हजार लिटरच्या वर पाणी लागते. नळाला पाणी येते तोवर ते जाणवत नाही, पण पाच हजार लिटरचा टँकर ८०० रुपयांना घ्यावा लागत असेल, तर कुलरच्या खर्चात सव्वातीनशे-साडेतीनशे रुपयांची भर पडते. तरीही तो एसीच्या निम्म्याच्या आसपास राहतो. जिथे पिण्याच्या पाण्यासाठीच रांग लागते, तिथे हा हिशेब पैशांत करणे योग्य नाही.

एसी घ्यायचाच असेल तर ऊर्जा दक्षता ब्यूरोच्या चिठ्ठीवरचे तारे मोजून थांबू नये. तिच्यावर वर्षाला १,६०० तास वापर धरून एकूण युनिटे छापलेली असतात, दोन यंत्रांमधला तो फरक १३ रुपयांनी गुणला की जादा किंमत किती वर्षांत निघेल हे लगेच कळते. तापमान २४ अंशांवर ठेवणे आणि सोबत पंखा लावणे एवढ्यानेच बिल लक्षणीय उतरते, कारण प्रत्येक अंश वर नेल्यास सुमारे ६ टक्के वीज वाचते असे मानले जाते.

सर्वांत कमी बोलली जाणारी बचत छताला टांगलेली असते. जुना पंखा ७५ वॉट घेतो, तर बीएलडीसी प्रकारचा, म्हणजे घर्षण करणाऱ्या ब्रशांऐवजी इलेक्ट्रॉनिक नियंत्रणावर फिरणाऱ्या मोटरचा पंखा ३० वॉटच्या आसपास. रोज पंधरा तास चालणाऱ्या एका पंख्यामागे महिन्याला २० युनिटे वाचतात, आणि ती वरच्या टप्प्यातली असल्याने २६५ रुपये होतात. ३,००० रुपयांचा पंखा दोन उन्हाळ्यांत फिटतो. टिनपत्र्याच्या घरात त्याहून आधी छताला पांढरा रंग किंवा चुना द्यावा. वऱ्हाडातल्या जुन्या धाब्याच्या घरांचे जाड मातीचे छत दुपारची उष्णता रात्रीपर्यंत अडवून धरत असे. पत्रा ती त्याच क्षणी खाली सोडतो, आणि अशा छताखाली लावलेला कुलर किंवा एसी सूर्याशी थेट झुंजत असतो.

कुलरसंबंधी दोन सूचना खर्चाच्या नसल्या तरी टाळता येत नाहीत. पत्र्याच्या कुलरमध्ये वीज उतरून दर उन्हाळ्यात माणसे दगावतात. पाणी भरण्यापूर्वी पिन काढावी, अर्थिंग तपासून घ्यावे आणि घराच्या मुख्य फलकावर ३० मिलिअँपिअरचा गळती-रोधक स्विच बसवावा, तो पाण्याच्या रॉडपासूनही संरक्षण देतो. आणि टाकीतले पाणी आठवड्यातून एकदा पूर्ण उपसून ती कोरडी करावी, कारण डेंग्यू पसरवणारा एडिस डास अशाच स्वच्छ साठलेल्या पाण्यात अंडी घालतो.

आतापर्यंतचे सारे गणित छतावरच्या सौर पॅनेलने उलटू शकते. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर मोफत वीज योजनेत पहिल्या दोन किलोवॉटना प्रत्येकी ३०,००० रुपये आणि तीन किलोवॉट वा त्याहून मोठ्या संचाला एकूण ७८,००० रुपये अनुदान ठरवले आहे. एक किलोवॉटचा संच दिवसाला सरासरी चार, म्हणजे महिन्याला सुमारे १२० युनिट वीज देतो, आणि ती बिलातून वजा होताना आधी वरचा, महाग टप्पा कमी होतो. त्यामुळे पहिला किलोवॉट सर्वाधिक कमावतो, दुसरा त्याहून कमी, आणि तिसरा बहुतेक वाशिमकर घरांत फक्त एसी असेल तरच. वर्षाअखेर उरलेल्या युनिटांचा मोबदला घरगुती दरापेक्षा बराच कमी मिळत असल्याने संचाचा आकार ठरवताना मागील बारा महिन्यांची बिले समोर ठेवावीत, त्यांतले एप्रिल-मेचे फुगलेले आकडे प्रमाण न मानता वर्षाची सरासरी काढावी, आणि पुढील वर्षभरात घरात कोणते मोठे उपकरण येणार आहे तेवढ्याचीच तिच्यात भर घालावी.